रविवारची परतीची गाडी आधी ठरवा: म्युनिकला शिकणाऱ्या बडोद्याच्या मुलांसाठी दोन दिवसांच्या सहलीची आखणी

ऑगस्ट उजाडला की बडोद्यातल्या कुठल्या ना कुठल्या मराठी घरात जर्मनीची बॅग भरणं चालू असतं. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत एकच चर्चा: वजन किती, कुकर न्यायचा का, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) झालं का, खोली मिळाली का. मी म्युनिकला शिकून परत आले, म्हणून ही मुलं आणि त्यांचे आईबाबा माझ्याकडे विचारायला येतात. खोलीबद्दल विचारतात, नोकरीबद्दल विचारतात, थंडीबद्दल तर हमखास. सहलीबद्दल कुणी विचारत नाही. आणि तिथे पोचल्यावर महिना व्हायच्या आतच वर्गातलं कुणीतरी गुरुवारी रात्री ग्रुपवर लिहितं, "शनिवारी साल्झबुर्गला जाऊ या?" पाच मिनिटांत पाच जण हो म्हणतात.

जायलाच हवं. परक्या गावात पहिल्या सत्रात मैत्री होते ती लायब्ररीत कमी आणि गाडीत शेजारी बसून जास्त. पण ही सहल नीट व्हावी असं वाटत असेल तर आखणीची दिशा उलटी ठेवा. आधी रविवारी रात्री घरी कसं यायचं ते ठरवा, मग बाकीचं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. उदाहरण म्युनिक, साल्झबुर्ग आणि क्योनिग्सझे तलावाचं घेतलं आहे, कारण बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, शिकणाऱ्या बहुतेकांची पहिली सहल हीच असते आणि तिच्यात सीमा, डोंगर, बोट, रविवार असं सगळं एकदम येतं.

कागद उलटा भरा

आपल्याकडे आधी ठिकाण ठरतं, मग निघायची वेळ, आणि परतीचं "बघू तिथे गेल्यावर". पावागढला हे चालून जातं. उशीर झाला तर हालोलहून काहीतरी मिळतं, नाहीतर कुणाचा तरी काका गाडी काढतो. आल्प्सच्या पायथ्याच्या गावांत मात्र रविवारी संध्याकाळी बस लवकर संपतात, तलावावरच्या बोटी त्याहून आधी संपतात, आणि टॅक्सीचं बिल विद्यार्थ्याच्या आठवड्याच्या किराण्याहून मोठं होऊ शकतं.

म्हणून एक कागद घ्या आणि सगळ्यात खाली लिहा: सोमवारी पहिलं लेक्चर किती वाजता. त्याच्यावर: रविवारी किती वाजता घरात हवं. त्याच्यावर: म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर पोचणारी गाडी. त्याच्यावर: ती गाडी पकडायला बेर्ख्टेसगाडेनहून, म्हणजे तलावाजवळच्या रेल्वे स्टेशनच्या गावाहून, कधी निघायचं. त्याच्यावर: तलावाकडून स्टेशनला येणारी बस, आणि सर्वांत वर बोट. आता वरून खाली वाचलंत की रविवारचा दिवस आपोआप आखला गेलेला दिसेल. दुपारी किती तास मोकळे आहेत हे इथे कळतं, नकाशा बघून कळत नाही.

एक नियम कडक पाळा. शेवटची गाडी ही आपली गाडी नव्हे. शेवटच्या आधीची ती आपली, शेवटची फक्त अडचणीला. जर्मनीत गाड्या मिनिटाला मिनिट धावतात अशी बडोद्यात बसून आपली समजूत असते. प्रत्यक्षात उशीर होतात, गाड्या रद्दही होतात, आणि रुळांची कामं मुद्दाम शनिवार-रविवारी काढलेली असतात. अशा वेळी काही टप्प्यात गाडीऐवजी बस देतात आणि तासभर सहज वाढतो. डॉइच बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, ॲपवर हे सगळं दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी एकदा आणि शनिवारी निघताना पुन्हा, दोन्ही दिवसांच्या गाड्या तपासा.

मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार असेल तर आणखी एक गोष्ट. त्या पहाटे युरोपभर घड्याळं बदलतात. मार्चमध्ये दोनचे थेट तीन वाजतात, म्हणजे झोप एक तास कमी. फोन स्वतःहून बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

पासपोर्ट आणि कार्ड

साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा किंवा निवास-परवान्याचं कार्ड हातात असेल तर शेंगेन क्षेत्रातल्या (आपापसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटातल्या) इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे लंडनचा बेत असा शुक्रवारी रात्री ठरत नसतो.

मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, दोन्ही अंगावर हवेत. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. शेंगेन म्हणजे सीमेवर कुणी विचारत नाही असं सीनियर सांगतील, पण ऑस्ट्रियाकडून जर्मनीत येताना २०१५ पासून तपासणी चालू आहे आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने ती आपल्या सगळ्या भू-सीमांवर लावली. साल्झबुर्गहून निघालेली गाडी काही मिनिटांत फ्रायलासिंगला येते. हे जर्मनीतलं पहिलं स्टेशन. गाडी इथे नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली की समजायचं. निळ्या गणवेशातले दोघं-तिघं डब्यात चढतात, एकेका बाकाजवळ थांबतात, पासपोर्ट उघडून चेहरा बघतात, कार्ड उलटून मागची बाजू वाचतात. बोलणं शांत असतं. कागद नीट असतील तर अर्ध्या मिनिटात "डांके" (धन्यवाद) म्हणून पुढे जातात. ज्याचा पासपोर्ट वरच्या फळीवरच्या बॅगेत, त्या बॅगेच्या तळाशी, डब्याखाली असतो, त्याच्यासाठी पूर्ण बाक उठतं. पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये किंवा जॅकेटच्या आतल्या खिशात, एवढं तरी करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. व्हिसाची मुदत संपलेली, कार्ड अजून आलेलं नाही, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने दिलेला तात्पुरता कागद हातात आहे, अशा अवस्थेत पहिल्या वर्षाची पुष्कळ मुलं असतात. त्या कागदाचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकावर सीमेबाहेर जाऊन परत येता येतंच असं नाही. कार्यालयाने लेखी सांगितल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नका. आमच्या गटातल्या एका मुलीचं कार्ड असंच अडकलेलं होतं. तिला मागे ठेवायचं कुणाच्याच मनात आलं नाही, आम्ही सगळेच टेगर्नझेला गेलो. म्युनिकहून तासाभरावरचं तळं, सीमा नाही, कागदाची काळजी नाही, आणि दिवस फार सुंदर गेला. गटात प्रत्येकाचे कागद बुधवारीच विचारून घ्या, आणि एकाचं जरी अडत असेल तर ठिकाण बदला.

कोण येणार, हे बुधवारपर्यंत

चार किंवा पाच जण बरे. सहाच्या पुढे गेलं की एकत्र जागा मिळत नाही आणि रस्त्यावर प्रत्येक निर्णयाला वीस मिनिटं लागतात. बुधवारी रात्री ग्रुपवर मतदान बंद करा. "बघतो", "कदाचित" म्हणजे नाही असं धरा आणि तसं प्रेमाने आधीच सांगून ठेवा.

सगळेच आपले नकोत. दोन गुजराती, एक पुणेकर, एक नागपूरची असा गट केला की गप्पा रंगतात हे खरं, पण दोन वर्षं तशीच गेली तर जर्मन ओठावर येत नाही. वर्गातल्या एखाद्या तुर्की किंवा ब्राझीलच्या मित्राला हाक मारा. जर्मन मुलगा किंवा मुलगी आली तर फारच छान, कारण फलाटावरची घाईची घोषणा तेच पहिल्यांदा समजून सांगतात.

तिकीट

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, तुमच्याकडे असेलच. २०२३ च्या मे महिन्यात ते महिन्याला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३ आहे. विद्यार्थ्यांना विद्यापीठागणिक सवलत मिळते, ती आपल्या विद्यापीठाच्या पानावर बघून घ्या. या तिकिटावर देशभरातल्या लोकल, रिजनल गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहरी बस चालतात. लांब पल्ल्याच्या आयसीई, आयसी, युरोसिटी, रेलजेट चालत नाहीत. म्युनिकहून साल्झबुर्गला रेलजेटही जाते आणि रिजनल गाडीही जाते, एकाच स्टेशनवरून. चढण्याआधी गाडीचं नाव वाचा. रिजनल गाडीला दोन तासांच्या आसपास लागतात, आणि हे तिकीट सीमेपलीकडे साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. त्या शहरातल्या बसला मात्र ते चालत नाही.

तिकीट नावावर असतं, म्हणून टीसी ओळखपत्रही मागतो. तिकीट फोनमध्ये असेल आणि फोनची बॅटरी संपली, तर तुमच्याजवळ तिकीट नाही असंच धरलं जातं, आणि विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो आहे. पॉवर बँक एकाकडे असून भागत नाही, दोघांकडे हवी.

गटात कुणी पाहुणा असेल, समजा डॉर्टमुंडहून आलेली मावसबहीण, आणि तिच्याकडे हे तिकीट नसेल, तर बायर्न-तिकीट बघा. एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं, माणसं वाढली की माणशी खर्च उतरतो. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासून लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं. तेही साल्झबुर्गपर्यंत जातं.

बव्हेरियात एक गोष्ट नव्या माणसाला माहीत नसते. काही गाड्या वाटेत तुटून वेगवेगळ्या गावांना जातात. टेगर्नझेची गाडी म्युनिकहून निघते तेव्हा तिच्यात टेगर्नझेचे, लेंगग्रिसचे आणि बायरिशझेलचे डबे एकामागे एक जोडलेले असतात. डब्याच्या दाराशेजारच्या पाटीवर त्या डब्याचं गाव लिहिलेलं असतं. फलाटावर धावत येऊन जो पहिला डबा दिसेल त्यात चढलात तर मित्र एका तळ्याकाठी आणि तुम्ही दुसऱ्या डोंगरात. पाटी वाचा, आणि आत बसल्यावर आतल्या पडद्यावर पुन्हा वाचा.

गाडी भाड्याने घेण्याचा बेत कुणीतरी मांडेलच. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, तरुण चालकाला भाडं जास्त पडतं, आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गावर टोलसाठी विन्येट नावाचा वेगळा पास लागतो. पहिल्या सहलीला रेल्वेच ठीक.

मुक्काम

साल्झबुर्गमध्ये होस्टेलमध्ये खाट घ्या. तिथे मुक्काम काढताना तीन प्रश्न विचारा: रिसेप्शन रात्री किती वाजेपर्यंत उघडं, खोली मिश्र की फक्त मुलींची, आणि रद्द केलं तर पैसे कधीपर्यंत परत. सांगितलेल्या भाड्यावर शहराचा पर्यटन कर वेगळा लागतो, तो बऱ्याचदा तिथे रोख किंवा कार्डाने भरावा लागतो. टॉवेल आणि छोटं कुलूप आपलं न्यावं. लॉकर असतो, कुलूप नसतं.

मुलींच्या आयांचा जीव इथे अडकतो, आणि त्यांची काळजी रास्त आहे. फक्त मुलींची खोली जवळपास सगळ्या मोठ्या होस्टेलांत मिळते, आठवडाभर आधी नोंदवली तर. स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत असेल असं बघा, म्हणजे रात्री बसची वाट बघावी लागत नाही.

पैसे

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. खोलीभाडं, विमा आणि किराणा भागवून म्युनिकसारख्या महाग शहरात त्यातून फार उरत नाही. बडोद्याचं आणि परदेशी शिक्षणाचं नातं तसं जुनं आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ती महिन्याला साडेअकरा पौंडांची होती, आणि त्यातून त्यांनी पोट मारून पुस्तकं घेतली. तुमच्याकडचे पैसेही कुणीतरी कष्टाने जमवलेले आहेत, म्हणून निघण्याआधी आकडा ठरवा.

आकडा ठरवायची पद्धत अशी. मुक्काम, बोट आणि साल्झबुर्गचा किल्ला या तीन गोष्टींचे दर त्या त्या संकेतस्थळावर बघून बेरीज करा. त्यात दोन दिवसांच्या बाहेरच्या जेवणाचे पैसे घाला. आलेल्या बेरजेत पाचवा हिस्सा अडचणीसाठी मिळवा. हा आकडा गटात सगळ्यांना बुधवारीच सांगा. ज्याला तो जड आहे त्याला गप्प बसून नाही म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून स्वस्त पर्याय तुम्हीच पुढे करा: मुक्काम काढून टाका, एका दिवसात जाऊन या.

हिशेब एकानेच ठेवायचा, स्प्लिटवाइजवर किंवा कुठल्याही ॲपवर, आणि खर्च झाला की त्याच क्षणी नोंदवायचा. पन्नास-साठ युरो रोख जवळ ठेवा. डोंगराळ गावांत लहान हॉटेलं आणि स्वच्छतागृहं अजूनही नाणी मागतात.

शुक्रवारी रात्री आठच्या आत

बव्हेरियात किराण्याची दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहालाच बंद. म्हणजे शनिवारी सात वाजता साल्झबुर्गच्या गल्लीत भूक लागली तर हॉटेल किंवा मोठ्या स्टेशनमधलं दुकान, एवढंच उरतं. शुक्रवारी आठच्या आत ब्रेड, चीज, फळं, दही घेऊन ठेवा.

घरून आलेला खाऊ याच दिवसासाठी जपा. थेपले दोन दिवस मस्त टिकतात, भाकरवडी आणि खाकरा तर महिनाभर. बटाट्याची सुकी भाजी डब्यात घेऊन बोटीची वाट बघताना थेपल्यात गुंडाळून खाल्ली की गटातला ब्राझीलचा मित्र कायमचा आपला होतो. नळाचं पाणी म्युनिकलाही पिण्यासारखं आणि साल्झबुर्गलाही, म्हणून बाटली भरून चला. वाटेत पाण्याची प्लास्टिक बाटली घेतलीत तर जर्मनीत तिच्यावर २५ सेंट अनामत असते, ती फेकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून पैसे परत घ्या.

शाकाहारी असाल तर "ओने फ्लाइश, ओने फिश" म्हणजे मांस नको, मासा नको, हे पाठ करा. अंडंही नको असेल तर "ओने आय". सूप भाज्यांचं दिसलं तरी त्यात मांसाचं पाणी असू शकतं, ते विचारून घ्या. केझश्पेत्झले हा चीज आणि तळलेला कांदा घातलेला शेवयांसारखा प्रकार डोंगरातल्या बहुतेक हॉटेलांत मिळतो आणि पोट भरतं, त्यात अंडं असतं मात्र.

कपड्यांत पावसाचं जॅकेट पहिलं. साल्झबुर्ग पावसाचं गाव आहे, जुलैतही. बूट घट्ट पकडीचे हवेत.

शनिवार

सकाळी आठच्या सुमारास म्युनिकहून निघा. उजवीकडच्या खिडकीजवळ बसा, रोझेनहाइमनंतर डोंगर त्या बाजूला दिसतात. मधे कीमझे हे मोठं तळं डावीकडे येतं.

साल्झबुर्गचं जुनं गाव स्टेशनहून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. १९९६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. वाटेत मिराबेलची बाग लागते, फुकट आहे, आणि तिथून किल्ला समोर उभा दिसतो. नदी ओलांडली की गेट्रायडेगासे. या गल्लीतल्या ९ नंबरच्या पिवळ्या घरात १७५६ मध्ये मोझार्टचा जन्म झाला. तिकीट काढून आत जायचं की बाहेरून बघायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. संगीत शिकलेल्याने जावं.

होहेनसाल्झबुर्ग किल्ल्याचं बांधकाम १०७७ मध्ये सुरू झालं. वर जायला १८९२ पासून चालणारी केबलवर ओढली जाणारी रेल्वे आहे, पण पायवाटही आहे आणि तरण्या पायांना ती वीस मिनिटांची. पावागढ चढलेल्यांना ती चढण वाटणारसुद्धा नाही. पैसे वाचवायचे असतील तर किल्ल्यात न जाता नदीच्या पलीकडच्या कापुत्सिनरबेर्गवर चढा. तिथून किल्ला, नदी आणि सगळे घुमट एकत्र दिसतात. मला तर किल्ल्यावरून दिसणाऱ्या गावापेक्षा तिथून दिसणारा किल्ला जास्त आवडतो.

रात्री दहानंतर होस्टेलमध्ये आवाज नको. हा तिथला नियम गंभीरपणे घेतात.

रविवार

सकाळी लवकर साल्झबुर्गहून फ्रायलासिंगला या, तिथे गाडी बदलून बेर्ख्टेसगाडेन. हा दुसरा टप्पा पाऊण-एक तासाचा, छोटी गाडी डोंगरात वळणं घेत चढते. स्टेशनसमोरून तलावाकडे बस जाते. पाऊस नसेल तर ओढ्याच्या काठाने चालत जा, साधारण पाच किलोमीटर.

क्योनिग्सझे हे दोन कड्यांच्या मधे अडकलेलं लांबट, हिरवं, फार खोल तळं. १९०९ पासून इथे विजेवरच्या बोटी चालतात, म्हणून इंजिनाचा आवाज नाही, तेलाचा वास नाही. बोट कड्याच्या जवळ आली की नावाडी ती थांबवतो, दार उघडतो, पितळी तुतारीसारखं वाद्य ओठाला लावतो आणि चार-पाच स्वर वाजवतो. क्षणभर काहीच नाही, मग समोरच्या भिंतीवरून तेच स्वर एकामागून एक परत येतात, इतके स्वच्छ की बोटीतली लहान मुलं पलीकडे कुणी उभं आहे का ते बघतात. वाजवून झाल्यावर नावाडी टोपी फिरवतो. त्यासाठी सुटी नाणी ठेवा, त्याने कमावलेली असतात.

सेंट बार्थोलोमेला उतरा. लाल कांद्यासारखे घुमट असलेलं चर्च, आणि मागे २,७१३ मीटरचा वात्समान. उतरल्याबरोबर पहिलं काम: परतीच्या बोटीचं वेळापत्रक फलकावर बघा आणि फोटो काढून ग्रुपवर टाका. या जागेला रस्ता नाही. बोट चुकली तर अवघड डोंगरवाटांखेरीज बाहेर पडायला मार्ग नाही. उन्हाळ्यात रांग फार असते, म्हणून वेळापत्रकात जी बोट तुमच्या कागदावर आहे तिच्या अर्धा तास आधी धक्क्यावर उभं राहा. उन्हाळ्यात बोट पुढे सालेटपर्यंतही जाते, हिवाळ्यात नाही. सालेटचा मोह होतो, पण कागदावर तेवढे तास नसतील तर पुढच्या वेळी.

पाण्यात उतरण्याबद्दल स्पष्ट सांगते. हे पाणी भर उन्हाळ्यातही थंड असतं आणि काठापासून दोन पावलांवर खोल होतं. क्योनिग्सबाखच्या धबधब्यावरचं नैसर्गिक कुंड इंटरनेटवरच्या फोटोंमुळे फार गाजलं, तिथे अपघात झाले, आणि २०२१ मध्ये प्रशासनाने तिथे जायला बंदी घातली. मही नदीत पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. फोटोसाठी कुणी तिकडे निघालं तर गटाने अडवायचं.

काही बिघडलं तर

रविवारी पाऊस अखंड असेल तर तलाव रद्द करा, सरळ म्युनिकला परत या. तिथली सरकारी कलासंग्रहालयं, आल्टे पिनाकोथेकसकट, रविवारी १ युरोत बघता येतात.

पाय मुरगळला, ताप आला, तर जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू हेच युरोपियन आरोग्य कार्ड असतं. ऑस्ट्रियात डॉक्टरकडे तेच दाखवायचं. खासगी विमा असेल तर त्यांची पद्धत निराळी, ती आधी वाचा. स्वित्झर्लंडला निघालात तर दोन गोष्टी वेगळ्या होतात: तिथे आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या नागरिकांना या कार्डावर भरवसा ठेवता येत नाही, आणि फोनचं रोमिंगही फुकट नसतं, कारण तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही. ऑस्ट्रियात दोन्ही सोपं. सगळीकडे आणीबाणीचा नंबर ११२.

पासपोर्ट हरवला तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार आणि सोमवारी म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात. पासपोर्ट, कार्ड आणि व्हिसाचे स्कॅन ई-मेलवर आणि घरी बाबांकडे, दोन्हीकडे हवेत. मूळ कागदाची जागा ते घेत नाहीत, पण नवा काढायला फार उपयोगी पडतात.

घरच्यांशी बोलून ठेवा

उन्हाळ्यात बडोदा साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तुम्ही रविवारी रात्री नऊला म्युनिकला उतरता तेव्हा इथे साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो, आणि आई जागीच असते. आधीच ठरवा: फोन नाही, फक्त "पोचले" असा एक मेसेज, आणि शनिवारी सकाळी मुक्कामाचा पत्ता आणि दोन मित्रांचे नंबर. डोंगरात नेटवर्क जातं हेही सांगून ठेवा, म्हणजे तासभर उत्तर आलं नाही तर अख्ख्या रावपुऱ्यात फोनाफोनी होत नाही.

जायला अजून महिना आहे असे कुणी हे वाचत असतील तर एक तालीम इथेच करा. चार मित्र, चांपानेर, एस.टी.ने. गाडी कुणाची न्यायची नाही. शेवटच्या आधीची बस ठरवून कागद उलटा भरा, जामा मशीद आणि किल्ला बघा, हिशेब एकाने ॲपवर ठेवा, आणि वेळेत परत या. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली जागा पन्नास किलोमीटरवर आहे आणि निम्म्या मुलांनी ती नीट बघितलेली नसते.

सोमवारी

हिशेब सोमवारी रात्रीपर्यंत मिटवा. आठवडा उलटला की पाच युरो मागणंही जड जातं. वेगळं तिकीट काढलं असेल आणि गाडी मुक्कामी तासभर उशिरा पोचली असेल तर भाड्याचा २५ टक्के भाग परत मिळतो, दोन तास उशीर झाला तर ५० टक्के. अर्ज ॲपवरूनच होतो, तिकीट पुसून टाकू नका.

आणि सुटीत घरी यायचं ठरलं तर डॉइचलांड-तिकीट बंद करायला विसरू नका. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. पुढच्या महिन्यापासून नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं.